घरी ट्यूब ॲम्पचा ओव्हरड्राइव्ह चरचरतो? गेन वाढवण्याआधी हे तपासा

मागच्या महिन्यात तासगावहून एक मुलगा आपला १५ वॅटचा ट्यूब ॲम्प स्कूटरवर पायांमध्ये धरून सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडं आला. ॲम्प खाली टेकवायच्या आतच म्हणाला, "दादा, दुकानात कसला जाड वाजत होता. घरी आणला तर कानाशी डास आल्यासारखा येतोय. गेन फुल्ल केलाय तरी."

ही तक्रार मी सांगलीत ऐकलीय, मिरजेत ऐकलीय, साताऱ्याहून फोनवरही ऐकलीय. प्रत्येकाचा ॲम्प वेगळा, गिटार वेगळी, पण शेवटचे चार शब्द तेच असतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. ज्यांना उत्तर आत्ता हवंय त्यांनी एवढं करा: गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) निम्म्यावर आणा, मिड पूर्ण उघडा, बेस २ वर ठेवा, ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा आणि दहा मिनिटं वाजवा. बऱ्याच जणांचं काम इथंच होतं. बाकीच्यांनी पुढं वाचा.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, आणि ट्यूब ॲम्पमध्ये तो एकाच ठिकाणी फाटत नाही. पहिल्यांदा तो प्रीॲम्पच्या (गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या भागाच्या) बारक्या ट्यूबमध्ये, म्हणजे १२एएक्स७ मध्ये फाटतो. मग फेज इन्व्हर्टरमध्ये (पॉवर ट्यूबसाठी सिग्नल दोन भागांत वाटणारा टप्पा), मग ईएल८४, ६व्ही६, ईएल३४ जी काही पॉवर ट्यूब असेल तिच्यात. त्यापुढं आउटपुट ट्रान्सफॉर्मर थोडा दबतो आणि शेवटी स्पीकरचा कागदी कोन स्वतःच वाकायला लागतो. स्टेजवर जो दाट, भरलेला आवाज येतो त्यात या सगळ्यांचा थोडा थोडा हात असतो. घरी मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) १ वर आणि गेन १० वर ठेवला की सगळा भार एकट्या १२एएक्स७ वर पडतो आणि पुढचे सगळे नुसते बसून राहतात. त्या एकाच टप्प्यावर फाटलेला आवाज म्हणजे ती चरचर. कढईत पुरी सोडल्यासारखी.

त्यात आपला कानही साथ देत नाही. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा कमी ऐकू येतात. त्यामुळं हळू वाजवताना ॲम्प पोकळ वाटतो. मग आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, तरी भरत नाही म्हणून गेन वाढवतो, आणि दर वेळी आवाज आणखी बिघडतो.

"मग कमी वॅटचा ॲम्प घ्यायचा ना," असं सर्रास सांगितलं जातं. हिशोब करून बघा. वॅट निम्मे केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं उतरतो. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॅट दहा पट कमी हवेत. ५० वॅटच्या जागी ५ वॅटचा ॲम्प आणला तर तो पूर्ण उघडल्यावर निम्म्या आवाजाचा वाटेल, बस. गिटारचा १२ इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. म्हणजे एक वॅटसुद्धा घरात भरपूर झाला. ५ वॅटचा ॲम्प घेऊ नका असं मी म्हणत नाही, माझ्याकडं आहे आणि मला तो फार आवडतो. पण या एकाच कारणासाठी पैसे घालायच्या आधी आहे त्या ॲम्पला एक संधी द्या.

आधी वीज

त्या मुलाचे नॉब मी बघितलेच नाहीत, आधी मल्टिमीटर काढला. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, आमच्या गल्लीत नुकतंच पाणी सुटलं होतं, आणि पाणी सुटलं की घरटी एक मोटार सुरू होते. सॉकेटमध्ये मीटरची टोकं घातली: १९६. त्याला म्हटलं, आता ए चा पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि पंचम एवढाच) वाजव आणि नॉब कुठं आहेत ते लक्षात ठेव. वाजवला. सहावी तार ओल्या टॉवेलवर वाजवल्यासारखी, मागं गेलेली, आणि वर नुसती चरचर. मग आम्ही चहा घेत बसलो. पलीकडची मोटार थांबली, २०१. समोरची थांबली, २०८. पाऊण तासानं पाणी गेलं तेव्हा मीटर २२६ वर येऊन टेकला होता. तोच कॉर्ड पुन्हा वाजवला. तार पुढं आली, नखाचा आघात ऐकू यायला लागला. तो ॲम्पकडं बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, मी काहीच हलवलं नाही."

ट्यूबच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात. बहुतेक गिटार ॲम्पमध्ये ते थेट ट्रान्सफॉर्मरवरून येतात, त्यांना कुणी बांधून ठेवलेलं नसतं. भिंतीत २३० च्या जागी १९६ असले तर हीटरला जेमतेम ५.४ मिळतात. दहा टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ५.७ पर्यंत. त्याखाली ट्यूब पुरेशी तापत नाही आणि आजारी माणसासारखी काम करते. प्लेटचं, म्हणजे ट्यूबच्या आतल्या पत्र्याचं, व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं. इथं कुणीतरी गिटारवादक एडी व्हॅन हॅलनचं नाव काढतंच, की त्यानं आपल्या मार्शल ॲम्पला व्हेरिॲकवरून (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) मुद्दाम कमी व्होल्टेज दिलं होतं. दिलं होतं, खरं आहे. पण तो ठरवून एका आकड्यावर ठेवत होता आणि ॲम्प घणाघाती आवाजात चालवत होता. आपल्याकडं आकडा मोटारी ठरवतात.

रात्री उलटं होतं. अकरानंतर माझ्याकडं २४५ च्या वर जातं. तेव्हा ट्यूब जास्त तापतात आणि त्यांचं आयुष्य घटतं. दिवा बंद करून ॲम्पच्या मागून एकदा नीट बघा. हीटरची नारिंगी रेघ दिसणं बरोबर आहे. पण पॉवर ट्यूबच्या आतला राखाडी पत्रा, म्हणजे प्लेट, लालसर दिसायला लागली तर ॲम्प त्या क्षणी बंद करा आणि जाणकाराला दाखवा. ईएल८४ ची प्लेट १२ वॅटच उष्णता सोसते आणि कित्येक ॲम्पमध्ये ती आधीच त्या काठावर बसवलेली असते.

उपाय सर्वो स्टॅबिलायझरचा. १५-२० वॅटच्या ॲम्पला ५०० व्हीएचा पुरतो. फ्रिजला लावतात तो रिलेचा स्टॅबिलायझर नको, तो मध्येच टक् करून पायरी बदलतो आणि ती टक् स्पीकरमधून ऐकू येते. लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर ॲम्प लावू नका. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल तर हीटरला व्होल्टेज बरोबर मिळतं पण लाटेचं शिखर बुटकं असल्यामुळं प्लेटला मिळत नाही, शिवाय सगळ्यावर एक करकर बसते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर प्रश्न नाही.

ज्यांनी अमेरिकेतून १२० व्होल्टचा ॲम्प मागवलाय त्यांनी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मोठा घ्या. १५ वॅटचा ॲम्प भिंतीतून १५ वॅट घेत नाही, त्याच्या कितीतरी पट घेतो. मी ३०० व्हीएच्या खाली जात नाही. आणि त्याचं आउटपुट तीन पिनांचंच बघून घ्या, कारण स्वस्तातल्या डब्यांना दोनच पिना असतात आणि अर्थिंग तिथंच तुटतं.

अर्थिंग

याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या ॲम्पला हम (सतत घुमणारा आवाज) येत होता म्हणून एकाकडं दुरुस्तीला दिला. परत आला तेव्हा हम गेला होता. मी खूश. दोन महिन्यांनी तालमीत गिटार गळ्यात, डावा हात तारांवर, आणि गाण्यासाठी माइकजवळ गेलो तर ओठाला असा झटका बसला की मी मागच्या ड्रमवर जाऊन आदळलो. घरी येऊन प्लग उघडला. हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवली होती. हम घालवायचा हा "उपाय" आजही सांगितला जातो. गिटारच्या तारा ॲम्पच्या चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात आणि चॅसीचा जीव त्या हिरव्या वायरवर असतो. ती कापणारा माणूस तुमचा हम घालवत नाही, तुमच्या जिवाला हात घालतो.

मीटरनं बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढं, जवळपास तेवढंच फेज आणि अर्थमध्ये यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त नको. तिथं वीस-तीस दिसत असेल तर वायरमनला बोलवा. आपल्याकडं उन्हाळ्यात मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि घरभर अर्थिंग ढिलं होतं. एप्रिल-मे मध्ये त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. माझ्या ॲम्पचा उन्हाळी हम याच बादलीनं गेला.

अर्थिंग ठीक असूनही गुणगुण येत असेल तर उभं राहून गिटार हातात घ्या आणि जागेवर गोल फिरा. एका दिशेला गुणगुण कमी होत असेल तर सिंगल कॉइल पिकअप खोलीतलंच काहीतरी पकडतोय. जुनी ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, एकेक बंद करून बघा. गेन जितका जास्त, तितकी ही गुणगुण मोठी.

नॉब

आता गेन. ४ वर आणा. मला माहितीय, आवाज एकदम उघडा पडल्यासारखा वाटेल. बोट कुठं घसरतंय तेही ऐकू येईल. तसंच राहू द्या आणि मिड १० करा.

फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या टोन सर्किटमध्ये नॉब मुळात फक्त काढून घेतात, भर घालत नाहीत. सगळे ५ वर ठेवले की "सपाट" होत नाही, मध्यभागी मोठा खड्डा पडतो. जोरात वाजवताना तो खड्डा चालतो, घरी तोच आवाजाचं सगळं मांस काढून नेतो. म्हणून मिड पूर्ण उघडायचा, ट्रेबल ४ च्या आसपास.

बेसची गंमत अशी की तो सर्किटमध्ये कुठं बसलाय त्यावर सगळं ठरतं. जुन्या फेंडरच्या घराण्यात टोनचे नॉब पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतात, म्हणजे फाटण्याच्या आधी. तिथं बेस वाढवला की तो सगळा बेस पुढच्या ट्यूबमध्ये जाऊन फाटतो आणि खालच्या तारा फर्र करतात. मार्शलच्या घराण्यात टोनचे नॉब प्रीॲम्प फाटून झाल्यावर येतात, तिथं बेस वाढवला तर अंग भरतं. तुमचा कुठला हे ओळखायला सहावी तार वाजवत बेस सावकाश वाढवा. फर्र वाढली तर पहिला, पोट वाढलं तर दुसरा. पहिला असेल तर बेस २ च्या वर नेऊ नका आणि अंग हवंच असेल तर ते फाटण्याच्या नंतर, इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्प आणि पॉवर ट्यूबच्या मध्ये पेडल जोडायची जागा) ईक्यू पेडल (वेगवेगळ्या पट्ट्यांतले सूर वरखाली करणारं) लावून द्या. सात पट्ट्यांच्या पेडलवर मी १०० आणि २०० हर्ट्झ थोडे वर, ८०० तीन डेसिबल वर आणि ६.४ किलोहर्ट्झ पाच-सहा खाली ठेवतो. ती शेवटची पट्टी खाली आली की चरचरीचं टोक मोडतं.

लूपबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. लूपमध्ये व्हॉल्यूमचं पेडल लावून मास्टर ६ वर नेला की पॉवर ट्यूब तापून गातात, असं सांगतात. लूपमध्ये तुम्ही जेवढं काढलं तेवढंच मास्टरनं परत घातलं, पॉवर ट्यूबला पोचलं तेवढंच. फायदा एकच: मास्टरच्या पहिल्या रेघेत आवाज शून्यावरून एकदम गल्लीभर जातो, तो आता सावकाश वाढवता येतो. तेवढ्यासाठी जरूर लावा.

नॉब बरोबर बसलेत का याची माझी एकच परीक्षा आहे. गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ५ वर आणा. आवाज साफ होत आला पाहिजे. आणि व्हॉल्यूम १० वर असताना हलक्या बोटानं वाजवलं तर जवळपास साफ, जोरात वाजवलं तर फाटलेला. हे होत नसेल तर गेन अजून जास्त आहे.

जवारी

मिरजेत सतारमेकर गल्लीत एकदा तासभर बसलो होतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी गेलो होतो ते त्याच्या आधी, एका मित्राच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला येणारा खुला नाद, काढून घ्यायला. कारागिरानं घोडीवरून तारा बाजूला केल्या, कानस दोन वेळा फिरवली, फुंकर मारली, तारा परत चढवल्या, छेडल्या, मान हलवली, परत उतरवल्या. असं सात-आठ वेळा. कानस इतकी हलकी की घोडीवर पांढऱ्या धुळीची एक रेघ फक्त दिसायची. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला. दोरा एका ठिकाणी असताना तार नुसती टणक वाजत होती. केसभर पुढं सरकवला आणि ती तार उघडली. एकाच तारेतून वरचे सगळे सूर झरायला लागले. अजून केसभर पुढं नेला तर झणझण, नुसता पत्र्याचा आवाज.

ओव्हरड्राइव्हमध्ये आपण हेच शोधतोय. तार घोडीला घासते तेव्हा मूळ सुराच्या वर सहायक नाद उमटतात. ट्यूब लाटेचा माथा दाबते तेव्हाही मूळ सुराच्या वर सहायक नादच उमटतात. थोडं दाबलं तर जवारी, जास्त दाबलं तर पत्रा. गेन पूर्ण उघडणं म्हणजे दोरा पार पलीकडं नेणं.

आणि इथंच आणखी एक गोष्ट निघते, जी नॉब फिरवून कधीच सुटत नाही. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो मूळ सुराच्या पाच पट कंपनांचा सहायक नाद. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार त्या स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट (एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढा असतो. साफ आवाजात ते खपून जातं. ओव्हरड्राइव्हमध्ये षड्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार मोठा होऊन वर येतो, शेजारच्या तारेवर तुम्ही चढा गंधार दाबलेला असतो, आणि दोघं भांडतात. त्यामुळं सहा तारांचा पूर्ण मेजर कॉर्ड गेनवर वाजवला की घाण वाटतो. षड्ज-पंचम एवढंच ठेवा. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा आहे, तो गेनमध्येही शांत बसतो. तासगावचा मुलगा जी कॉर्ड पूर्ण सहा तारांचा ओढत होता. त्यातली पाचवी तार न दाबता नुसतं बोट टेकवून मुकी केली, म्हणजे तिच्यावरचा खालचा गंधार गेला, तेवढ्यानंच आवाज निवळला.

ॲम्प कुठं ठेवलाय

आमच्या भिंतीपलीकडं एक आजी राहतात. एकदा मी त्यांना विचारलं, आजी, माझ्या गिटारचा त्रास होतो का हो? त्या म्हणाल्या, "गिटारचं काही नाही रे बाळा, माझ्या फडताळातले डबे बोलतात." मित्राला वाजवायला बसवलं आणि मी आजींच्या स्वयंपाकघरात डब्यांवर हात ठेवून उभा राहिलो. सहाव्या तारेवर तिसरा पडदा दाबला, ९८ हर्ट्झचा जी, की पोह्यांचा स्टीलचा डबा हाताखाली थरथरायचा. वरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. भिंत ट्रेबल अडवते, बेस सोडते. माझा ॲम्प त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, थेट फरशीवर होता, आणि कोपरा व फरशी मिळून बेस फुगवतात. ॲम्प लाकडी खुर्चीवर घेतला, भिंतीपासून हातभर पुढं ओढला, बेस कमी केला. डबे गप्प झाले. त्यानंतर मला मास्टर आणखी दोन रेघा वर नेता आला, आजींना न समजता. त्या दोन रेघांत जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या पेडलनं पडला नव्हता.

ट्रेबलचा प्रश्न वेगळा. मोठ्या स्पीकरमधून ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. उभं राहून वाजवताना तो पायांवरून जातो, पलंगावर बसून वाजवताना तो थेट कानात शिरतो. ॲम्प खुर्चीवर घेतलात तर तो तुमच्या दिशेनं रोखू नका, थोडा तिरका ठेवा. खोली रिकामी आणि फरशी शहाबादी असेल तर समोरच्या भिंतीवर एक जाड वाकळ टांगा. आमच्याकडं आजीच्या हातची आहे, तिच्याइतकं काम फोमच्या तुकड्यांनी केलं नाही.

ढकलायचं कसं

एवढं करूनही जोर कमी पडत असेल तर ओव्हरड्राइव्ह पेडल, पण उलटं वापरून. ड्राइव्ह शून्य ते १, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. पेडलनं स्वतः फाटायचं नाही, पहिल्या ट्यूबला जोरात ढकलायचं. ट्यूब स्क्रीमरच्या जातीची पेडलं ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करत पुढं पाठवतात, त्यामुळं मिड आपोआप वर येतो आणि खालच्या तारा फर्र करत नाहीत. यासाठी भारी पेडल लागत नाही.

पॉवर ट्यूबचाच आवाज हवा असेल तर ॲटेन्युएटर. तो ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि जादाची ताकद उष्णतेत घालवतो. १५ वॅटवरून एका वॅटवर यायला १२ डेसिबल काढावे लागतात. तिथपर्यंत बहुतेक ॲटेन्युएटर छान वाजतात. वीस डेसिबलच्या पुढं साध्या रेझिस्टरचा ॲटेन्युएटर घोंगडं टाकल्यासारखा मंद होतो. घेताना ओहम जुळवा, ८ ला ८, १६ ला १६. वॅट ॲम्पच्या दुप्पट घ्या, कारण पूर्ण फाटलेली लाट चौकोनी होत जाते आणि १५ वॅटचा ॲम्प तिशीच्या जवळ जाऊ शकतो. जोडणी स्पीकरच्या केबलनंच, गिटारची केबल नाही, ती बारीक असते आणि तापते. आणि स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब ॲम्प कधीही चालू करून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. रात्री दहानंतर मी लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी ताकद झेलणारा डबा) आणि हेडफोन लावतो, तो पूर्ण वेगळा विषय आहे.

गेनचा नॉब २ वरच सगळं फाटत असेल तर पहिली १२एएक्स७ काढून ५७५१ लावून बघा. १२एएक्स७ चा गुणक (सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १००, ५७५१ चा ७०. पिना त्याच. ॲम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर, बाहेरून बदलायची. चॅसी मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसून राहू शकतात.

बिघाड असेल तर

गेन अगदी कमी, साफ आवाज, हळू वाजवतोय आणि तरीही चरचर येतेय, तर सेटिंगला दोष देऊ नका. स्पीकरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबानं हळूच आत ढकला. खरखर ऐकू आली तर आतली कॉइल घासतेय. २०१९ च्या पुरानंतर मी असे तीन स्पीकर बघितले. वरून कोरडे ठणठणीत, आत गाळाची बारीक पूड.

पावसाळ्यात आवाज मध्येच निम्मा होत असेल आणि ॲम्पवर थाप मारली की परत येत असेल, तर इफेक्ट्स लूपच्या सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल घालून दोन्ही जोडा. आवाज टिकला तर जॅकचा आतला संपर्क गंजलाय. त्याला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर करा. ट्यूबवर पेन्सिलनं हलकं टकटक केल्यावर स्पीकरमधून घंटेसारखं वाजलं तर ती ट्यूब बदला.

तासगावच्या मुलाच्या ॲम्पवर आता कागदी चिकटपट्टी आहे: गेन ४, मिड १०, बेस २, ट्रेबल ४, मास्टर २, पेडलचा ड्राइव्ह शून्य. खाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, "व्होल्टेज बघ".

हे सगळं करून अडलं तर विचारा, पण नुसतं "टोन येत नाही" असं लिहू नका. ॲम्प कुठला, ट्यूब कुठल्या, पिकअप सिंगल कॉइल की हंबकर (दोन कॉइलचा), सगळे नॉब कितीवर, ॲम्प खोलीत कुठं ठेवलाय, वाजवताना सॉकेटमध्ये किती व्होल्ट होते आणि न्यूट्रल-अर्थमध्ये किती, एवढं कळवा. सोबत दोन रेकॉर्डिंग पाठवा, एकच कॉर्ड, नॉब न हलवता: एक गल्लीत पाणी सुटलेलं असताना, आणि दुसरं मोटारी थांबल्यावर.